झाकली मूठ चोवीस चित्रांची

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एका वाटाण्यावर सिनेमा काढला होता. साल १९१२. लंडनहून मागवलेला कॅमेरा त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर मांडला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. ती सलग पडद्यावर धावली तेव्हा महिन्याभराची वाढ मिनिटाभरात उरकली. ‘अंकुराची वाढ’ असं त्या चिमुकल्या फिल्मचं नाव. ती पाहून चार पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि फाळक्यांना पुढच्या कामासाठी कर्ज मिळालं. एरवी कर्ज मागायला गेलेल्याला लोक वाटाण्याच्या अक्षता लावतात; हा गृहस्थ वाटाणा घेऊन गेला आणि पैसे घेऊन आला.

सिनेमाचा सगळा धंदा तेव्हापासून हाच. काही चित्रं दाखवायची, मधली गाळायची, आणि गाळलेली प्रेक्षकाने पदरची भरून घ्यायची. किती गाळावीत, यावरून मात्र जाणकारांत अजून हातघाई चालू आहे. सेकंदाला २४ चित्रं हा जुना दंडक. कुणी म्हणतं ४८ करा, कुणी ६०, कुणी थेट १२०. जितकी चित्रं जास्त तितकी हालचाल गुळगुळीत, तितकं दृश्य खऱ्याच्या जवळ, असा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक काही नाही. पण सिनेमाला खऱ्याच्या जवळ जायचंय हे परस्पर कुणी ठरवलं, एवढंच मला विचारायचं आहे.

या चोवीसच्या आकड्यापुढे हात जोडणारी मंडळी पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच. पण ही संख्या काही कुण्या ऋषीला समाधीत दिसलेली नाही. एडिसनचं म्हणणं, सेकंदाला ४६ चित्रं हवीत, त्याहून कमी झाली तर डोळ्यांना ताण पडतो. ल्युमिए बंधू काटकसरी, ते सोळाच्या आसपास भागवत. १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले ते याच बेताने. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याला हाताने फिरवायचा दांडा असे. ‘राजा हरिश्चंद्र’चा दांडा त्र्यंबक तेलंगांच्या हातात होता, म्हणजे त्या चित्रपटाचा वेग शेवटी तेलंगांच्या मनगटावर अवलंबून. घेताना एक वेग, दाखवताना दुसराच. रात्री एक खेळ जास्त बसवायचा असला की थिएटरवाला फिल्म जरा पिटाळायचा, आणि पडद्यावरची पतिव्रता नवऱ्याच्या मागे वनवासाला निघायची ती लोकल पकडायला निघाल्यासारखी.

आवाज आला आणि ही मौज संपली. डोळा बिचारा सोशिक, वेग थोडा पुढेमागे झाला तरी चालवून घेतो. कान तसा नाही. वेग जरा हलला की गाणारा बेसूर होतो. म्हणून १९२६ च्या सुमारास अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी एकच वेग कायमचा ठरवायचं मनावर घेतलं. मोठ्या थिएटरांत तेव्हा फिल्म जशी धावत होती त्याच्याच आसपासचा आकडा त्यांनी पक्का केला: मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं. त्याहून सावकाश चालवावी तर फिल्मवर छापलेला आवाज बिघडतो, भरभर चालवावी तर फिल्मचं बिल फुगतं. इंजिनिअर आणि मुनीमजी यांच्यात झालेली ही तडजोड. तिच्यावर पुढे शंभर वर्षांचा सगळा सिनेमा उभा राहिला.

त्यातली एक गोष्ट मला कळली तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये एक चित्र जाऊन दुसरं जागेवर येईपर्यंत झडप प्रकाश अडवून धरते. नुसत्या चोवीस झपक्यांनी पडदा लुकलुकतो, म्हणून प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं, म्हणजे मध्ये आणखी एक झडप. या सगळ्या झडपांची बेरीज केली तर पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळा असायचा. अडीच तासांच्या चित्रपटात सव्वा तासाच्या आसपास आपण ठार अंधाराकडे टक लावून बसलेलो, आणि बाल्कनीचं तिकीट मात्र पुरं घेतलेलं. तरी त्या अंधारात कुणाला काही कमी पडलं नाही. वाटाण्याच्याच साली, १९१२ मध्ये, जर्मनीत माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने याबद्दल लिहिलं होतं. जवळजवळच्या दोन रेघा एकाआड एक ठरावीक अंतराने दाखवल्या की माणसाला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. सरकत काहीच नसतं, ते सरकणं आपणच करतो.

शिवाय चोवीसच्या चित्रात हालचाल पुसट उमटते. साधारणपणे प्रत्येक चित्राला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग एवढा उजेड मिळतो, तेवढ्यात नायकाने हात झटकला की हाताच्या जागी एक फिकट पट्टा उमटतो. टांग्याची चाकं पडद्यावर उलटी फिरताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, तोही याच गाळलेल्या चित्रांचा प्रताप. कॅमेरा झपाट्याने आडवा फिरवला तर दृश्य अडखळतं, म्हणून छायालेखक तो जपून फिरवतात. हे सगळे चोवीसचे दोष, आणि खरेच दोष आहेत. पण या दोषांच्या आडोशाला बरंच काही सुखाने नांदत होतं: दाढीचा डिंक, प्लायवूडचा किल्ला, रंगवलेलं आभाळ.

हा आडोसा काढण्याचे प्रयत्न जुनेच. १९५५ च्या ‘ओक्लाहोमा!’ची एक आवृत्ती सेकंदाला ३० चित्रांची होती. डग्लस ट्रंबुल यांनी पुढे रुंद फिल्मवर ६० चित्रांची ‘शोस्कॅन’ पद्धत काढली. मोठा चित्रपट मात्र ४८ वर आला तो २०१२ च्या डिसेंबरात: पीटर जॅक्सन यांचा ‘द हॉबिट’. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लास वेगासला थिएटरवाल्यांना त्याची दहा मिनिटं दाखवली गेली तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती. जॅक्सन सांगत राहिले, थोडा वेळ द्या, डोळे सरावतील.

माझे सरावले नाहीत. म्हातारा बिल्बो आपल्या घरात इकडून तिकडे जात होता आणि मला वाटत होतं की कुणीतरी फिल्म पिटाळतंय. वेग बरोबर होता, घड्याळ लावून पाहिलं तरी बरोबरच निघाला असता, पण बसल्या जागी पटेना. मग बुटक्यांची टोळी आली. एकेकाचं नाक कुठे संपतं आणि रबराचं कुठे सुरू होतं ते मी शोधत बसलो. जादूगार गँडाल्फ जगाच्या भवितव्याबद्दल काहीतरी गंभीर बोलत होते. मी त्यांच्या काठीला पॉलिश कुठलं मारलंय त्याचा अंदाज घेत होतो. त्या काठीतला उजेड, तो अंगरखा, मागची भिंत, सगळं लख्ख आणि समोर. इतकं समोर की आता कुणीतरी येऊन चहा विचारेल असं वाटावं. हे असं मी आधी कुठे पाहिलंय ते मध्यंतरापर्यंत आठवेना. पॉपकॉर्नच्या रांगेत आठवलं: लग्नाची कॅसेट!

ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदच्या दशकातलं लग्न झालं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेतलेला एक इसम, त्याच्यामागे लाइटचा दांडा धरलेला पोऱ्या, त्या लाइटची भटजींच्या सोवळ्यात अडकणारी वायर. ‘सावधान’ म्हणायच्या आधीच प्रकाशाने सावध झालेले, डोळ्यांवर हात धरलेले पाहुणे. पंगतीत कॅमेरा आला की घास तोंडाशी धरून थांबलेल्या मावश्या. आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपायचा, त्यामुळे हालचाल अशी सलग आणि टवटवीत की वर्षभराने पाहतानाही हे सगळं आत्ता, शेजारच्या खोलीत चाललंय असं वाटे. बातम्या तशाच दिसत, सामने तसेच दिसत आणि व्हिडिओवर काढलेल्या दुपारच्या मालिकाही. सिनेमा मात्र तसा कधीच दिसत नसे. तो नेहमी होऊन गेलेला दिसे. कुणीतरी आठवून आठवून सांगतंय आणि सांगताना बारीकसारीक गाळतंय, असा. माझ्या मते सारा फरक इथे आहे. गोष्ट घडून गेलेली असते तेव्हाच तिच्यात जादूगार आणि ड्रॅगन शोभतात. ‘आत्ता चालू आहे’ म्हटलं की आपण ड्रॅगनचा पत्ता विचारायला लागतो.

गंमत पुढेच आहे. मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नाची व्हिडिओची बोलणी करायला मी गेलो होतो. फोटोग्राफरचा मुलगा, पंचविशीचा, त्याच्यासमोर तीन दरपत्रकं: साधं, ट्रॅडिशनल आणि सिनेमॅटिक. सिनेमॅटिक सगळ्यात महाग. मी विचारलं, यात जास्तीचं काय मिळतं?

“काका, शूट सगळं सिक्स्टीवर करतो, कुठे वन ट्वेंटीवर. आणि उतरवतो ट्वेंटीफोरला.”

“म्हणजे काय होतं?”

“हळू होतं ना. हळदीचा थेंब पडताना दिसतो. नवरी मान वळवते त्याला आठ सेकंद लागतात.”

“आणि जशी वळवते तशीच दाखवली तर?”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “खरं दिसायला नको हो काका, भारी दिसायला हवं.”

म्हणजे पाहा, तिकडे हॉलीवूडने अमाप डॉलर ओतून सिनेमाची लग्नाची कॅसेट केली आणि त्याच सुमारास आपल्या आळीतल्या फोटोग्राफरने लग्नाच्या कॅसेटचा सिनेमा केला. त्यात शहाणा कोण हे मी दरपत्रकावरूनच सांगू शकतो. जास्त चित्रं टिपायला त्याची ना नाही. टिपलेली तो कमी वेगाने वाढतो. हिंदी-मराठी नायक-नायिकांची निम्मी प्रेमं याच युक्तीवर जमली आहेत.

यावर एक मित्र नेहमी मला नाटकाने गप्प करतो. तो म्हणतो, नाटकात तर चित्रांची गणतीच नाही, सगळं सलग, समोर आणि खरं. दार आपटलं की मागची भिंत हलते. पहिल्या रांगेतून रंग लावलेली मानेची कड दिसते. तरी माणसं हुंदके देतात. बालगंधर्व रंगमंचावर शालू नेसून यायचे तेव्हा हा पुरुष आहे हे कुणाला माहीत नव्हतं? मग अठ्ठेचाळीस चित्रांत दाढीचा डिंक दिसला म्हणून तुझं काय बिघडलं?

प्रश्न बिनतोड आहे आणि मला त्याचं उत्तर अर्धंमुर्धंच सापडलंय. नाटकात नट समोर उभा असतो. त्याचा घसा बसू शकतो, तो पडू शकतो, तो आपल्यासाठी घाम गाळतोय हे दिसतं; त्या बदल्यात आपण त्याला हलणारी भिंत माफ करतो. सिनेमातला नट केव्हाच घरी गेलेला असतो, त्याला माफ करायचं काही कारण नाही. दुसरं म्हणजे नाटकाचा आवाज, रंग, हातवारे शेवटच्या रांगेसाठी बेतलेले असतात, तसा सिनेमाचा अभिनय, रंगभूषा, नेपथ्य, प्रकाश सगळं चोवीसच्या बेताने शिवलेलं आहे. एकटी चित्रं वाढवून भागत नाही, सगळंच नव्याने शिवावं लागतं. हे ज्याने ओळखलं तो दिग्दर्शक म्हणजे अँग ली. २०१६ च्या ‘बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक’साठी त्यांनी सेकंदाला १२० चित्रं घेतली आणि नटांची रंगभूषा जवळजवळ उतरवूनच टाकली, कारण त्या स्वच्छतेत पावडरही खोटी दिसते. तो चित्रपट त्या थाटात दाखवू शकणारी थिएटरं जगभरात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी जगाने तो मुकाट्याने जुन्या वेगावरच पाहिला. २०१९ मध्ये ‘जेमिनी मॅन’ही त्यांनी १२० वर केला. चिकाटी म्हणायची.

जेम्स कॅमेरून त्या मानाने व्यवहारी. २०२२ च्या दुसऱ्या ‘अवतार’मध्ये पाण्याखालच्या आणि उडण्याच्या दृश्यांना ४८, आणि माणसं बसून बोलायला लागली की प्रत्येक चित्र दोनदा दाखवून पुन्हा चोवीसचा भास. मासा सळसळत गेला पाहिजे, हे मला मान्य आहे. बोलणाऱ्याने सळसळायचं काही कारण नाही. पण सगळ्यात मोठी चपराक ॲनिमेशनवाल्यांनी लगावली. २०१८ च्या ‘स्पायडरमॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवशिक्या माइल्सच्या हालचाली बऱ्याच ठिकाणी सेकंदाला बाराच ठेवल्या, आणि त्याच्या शेजारी झोके घेणाऱ्या अनुभवी पीटरला पूर्ण चोवीस दिली. पोरगं अजून कच्चं आहे हे एका शब्दाशिवाय कळतं.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र मी पक्ष बदलतो. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू सेकंदाच्या चोविसाव्या भागात पाच फुटांहून जास्त पुढे जातो. म्हणजे गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंत चेंडूची जेमतेम दहा-बारा चित्रं, आणि यष्टीला तो घासून गेला की नाही ते नेमकं दोन चित्रांच्या मध्ये. तिथे गाळलेलं प्रेक्षकाने भरून घ्यायचं ठरवलं तर वानखेडेवर दंगल होईल. सामन्याला हवी तितकी चित्रं द्यावीत, माझी काही हरकत नाही.

टीव्हीवाल्यांनी नेमकं हेच सामन्याचं औषध सिनेमाला पाजलं. हल्लीचे टीव्ही दोन चित्रं घेऊन त्यांच्या मधली चित्रं स्वतःच कल्पून काढतात आणि सिनेमा गुळगुळीत करतात. ही खोड बहुतेक वेळा दुकानातूनच चालू होऊन येते आणि प्रत्येक कंपनी तिला वेगळं गोजिरवाणं नाव देते, त्यामुळे बंद करायची तर रिमोट घेऊन मेन्यूच्या आडगल्ल्यांत हिंडावं लागतं. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ यांनी दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांना शेजारी उभं करून एक व्हिडिओ काढला आणि हे सेटिंग बंद करा म्हणून लोकांना विनवलं. विमानाला बाहेरून लटकणारा माणूस, पण टीव्हीच्या मेन्यूपुढे हात जोडून उभा. पुढच्या वर्षी चित्रपट आहे तसा दाखवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला.

आमच्याकडे टीव्ही आला त्या आठवड्यात आत्याने ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ चा प्रभातचा चित्रपट, दामले-फत्तेलालांचा. पाहतो तर तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस लोण्यावरून घसरल्यासारखे चालताहेत. दामले-फत्तेलालांनी जी चित्रं कधी घेतलीच नाहीत ती आमचा टीव्ही दिवाणखान्यात बसून काढत होता. वैकुंठाचं विमान येण्याआधी हे थांबवलं पाहिजे म्हणून मी रिमोटकडे झेपावलो.

“असू दे रे,” आत्या म्हणाली. “किती छान दिसतंय. अगदी समोर उभे असल्यासारखे वाटतात.”

“आत्या, हे खोटं आहे. मधली चित्रं मशिनची आहेत.”

“आणि विमान खरं होतं का?”

मी रिमोट खाली ठेवला. विमान आलं. माझ्या डोळ्यांना त्यात फळ्या आणि दोऱ्या दिसत होत्या. आत्याने हात जोडले होते. माझं सगळं तत्त्वज्ञान ‘समोर असल्यासारखं दिसू नये’ यावर उभं, आणि तिला तुकोबा नेमके समोरच हवे होते. ज्याला दर्शन घ्यायचंय त्याला आडोसा कशाला?

आणि शुद्धतेच्या बाबतीत माझ्या पिढीने फार ताठ मानेने बोलूही नये. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा. आपल्याकडच्या टीव्हीचा हिशेब सेकंदाला पंचवीसचा, आणि सिनेमा चोवीसचा. यावरचा रूढ तोडगा असा की सिनेमा सरळ पंचवीसच्या वेगाने सोडून द्यायचा. तसं केलं की अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो, आणि आवाज इतका चढतो की पेटीवर शेजारच्या पट्टीला पोचतो न पोचतो. नायिका मूळ बोलली त्यापेक्षा घाईने बोलायची, जरा वरच्या सुरात रडायची, आणि आम्ही ते अस्सल समजून सोबत रडायचो. सहा मिनिटांचा हिशेब कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

भाच्याचं वेगळंच. तो सेकंदाला १४४ चित्रांच्या पडद्यावर गेम खेळतो. मी निवडून निवडून एखादा जुना चित्रपट लावतो तेव्हा दोन मिनिटांत म्हणतो, “मामा, हे अडकतंय. नेट स्लो आहे का?” त्याच्या डोळ्यांना माझं चोवीसचं स्वप्न म्हणजे बिघडलेला राउटर. त्याची पिढी मोठी होईल तेव्हा चोवीस चित्रांना मूकपटासारखं हसेल, अशी दाट शक्यता आहे. जॅक्सन म्हणाले होते तसे डोळे सरावतातच, फक्त माझे सरावतील असं दिसत नाही.

सध्या घरात तह झाला आहे. सामना असेल तर गुळगुळीत चालू. सिनेमा असेल तर बंद. आत्याचा तुकाराम असेल तर पुन्हा चालू, त्यावर चर्चा नाही. सेटिंग बदलायचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मेन्यूत पाचव्या पायरीवर आहे, त्यामुळे मी तिथपर्यंत पोचतो तेव्हा बहुतेक वेळा सिनेमाची नावं येऊन गेलेली असतात आणि भाचा गेम लावायला रिमोट मागत असतो.